आधी मशीन आलं, मग शीर सापडली

डायलिसिसवर, म्हणजे किडनी बंद पडल्यामुळे मशीनने रक्त गाळून घेण्यावर, असलेल्या माणसाच्या मनगटाच्या थोडं वर बोटं टेकवली, की कातडीखाली सतत थरथर लागते. तो फिस्टुला. छोट्या शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. धमनीच्या जोराने शीर काही आठवड्यांत फुगते, जाड होते आणि मग वर्षानुवर्षं सुया सोसते. त्या हाताने घागर उचलायची नाही, त्यावर बीपीचा पट्टा बांधायचा नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयापासून खासगी दवाखान्यांपर्यंत रोज चालणारं डायलिसिस बहुतांशी या जोडणीवर उभं आहे. कौतुक मशीनचं होतं, पण या इतिहासातली सगळ्यात चिवट अडचण रक्तापर्यंत पुन्हा पुन्हा पोचण्याची होती, असं माझं मत आहे.

डायलिसिसचं तत्त्व जुनंच. ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये दाखवलं, की विशिष्ट पातळ पडद्यातून मीठ, युरियासारखे लहान रेणू पलीकडे जातात आणि मोठे अडून राहतात. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन एबल यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले; रक्त गोठू नये म्हणून ते जळवांपासून काढलेला अर्क वापरत. १९२४ मध्ये जर्मनीत गेओर्ग हास यांनी माणसावर डायलिसिस केलं, तेही काही मिनिटांपुरतं.

खरं मशीन घडलं ते युद्धात. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना काम्पेन गावच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर विलेम कोल्फ यांनी सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारांच्या पाण्यात फिरवलं. १९४३ मधल्या त्यांच्या पहिल्या रुग्णांपैकी एका तरुणीला डायलिसिस लागू पडत होतं, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. शेवटी वापरण्याजोगी एकही उरली नाही आणि ती गेली. मशीन चालू स्थितीत, बाई दगावली. त्यानंतरही मृत्यू होत राहिले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली. तिची किडनी तात्पुरती बंद पडली होती, ती पुन्हा सुरू झाली. ज्यांची कायमची गेली, त्यांना मात्र अजून काही उपाय नव्हता.

तो १९६० मध्ये सिअ‍ॅटलला सापडला. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी आणि शिरेला जोडलेली टेफ्लॉनची नळी हातातच ठेवून दिली, म्हणजे दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडायला नको. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षं जगला. लगेच नवा पेच उभा राहिला: खुर्च्या मोजक्या, रुग्ण भरपूर. कोणाला घ्यायचं हे ठरवायला गावातल्या सामान्य नागरिकांची समिती बसली, आणि ती नोकरी, मुलंबाळं, समाजातलं स्थान पाहून निवड करू लागली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो यांच्या गटाने फिस्टुला जगापुढे मांडला. बाहेरच्या नळीची गरजच संपली. तो तयार व्हायला सवड लागते, म्हणून अगदी शेवटी दवाखाना गाठणाऱ्याचं डायलिसिस आजही बहुधा मानेतल्या शिरेत कॅथेटर घालून सुरू होतं, आणि त्यात जंतुसंसर्गाचा धोका जास्त.

भारतात पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झालं, अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये आला. डायलिसिस मात्र फार काळ शहरातल्या पैसेवाल्यांपुरतं राहिलं. सिअ‍ॅटलला समिती निवड करी. आपल्याकडे ते काम पैशाने केलं, आणि ते अधिक निर्दय होतं, कारण त्याविरुद्ध दाद कोणाकडे मागणार? राज्याची मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी राज्यभर लागू झाली, पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. फी सुटली, पण चंदगडचा माणूस कोल्हापूरला यायचा तर शंभरेक किलोमीटर येणं, चार तास खुर्चीत, परत तेवढंच जाणं, आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

त्यात डायलिसिसला लागतं पाणी. एका वेळेला साधारण १२० लिटर, तेही आरओमधून शुद्ध केलेलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने उपसा केंद्रंच बुडवली, महामार्ग बंद पडला. शहराभोवती समुद्रासारखं पाणी आणि नळ कोरडे. डायलिसिस चार-पाच दिवस पुढे ढकलता येत नाही. अंगात पाणी साचून धाप लागते, पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. पूरनियोजनात या रुग्णांची गावनिहाय यादी असायलाच हवी.

निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास चालते, मशीन जेमतेम १२. म्हणून शहाळं वर्ज्य, पांढरा रस्सा जपून, पाणी मोजून. १९८९ मध्ये एरिथ्रोपोएटिन, म्हणजे शरीराला रक्तपेशी बनवायला लावणारं औषध, बाजारात आल्यावर वारंवार रक्त चढवण्यातून बऱ्याच रुग्णांची सुटका झाली.

गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी झेप मात्र डायलिसिसची वेळ येण्याआधीची आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या किडनीची घसरण मंदावतात, मधुमेह नसलेल्यांमध्येसुद्धा, हे २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसलं. पेटंट संपल्यावर भारतात त्या स्वस्तही झाल्या. पण किडनीत जीव असेपर्यंतच त्यांचा खरा उपयोग. त्यासाठी शुगर किंवा बीपी असलेल्याने वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन) तपासायचं असतं. क्रिएटिनिन बरेच जण करतात. लघवीची तपासणी, जी आधी इशारा देते, तीच राहून जाते.