फिट आली, पण ईईजी नॉर्मल

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत पूर्व भागातल्या कारखान्यात मागावर उभा असलेला कामगार कोसळला, की पहिला अंदाज ठरलेला: ऊन लागलं. हातपाय झटकत असेल तर कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं. दवाखाना येईपर्यंत तो शुद्धीवर आलेला असतो. डॉक्टरांना मात्र शोधायचं असतं, ते घडून गेलेलं.

आधी ईईजी काढतात, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेची नोंद घेतात. मेंदूच्या पेशींचं काम विजेच्या सूक्ष्म प्रवाहांवर चालतं. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ते पहिल्यांदा टिपले. कवटी आणि त्वचा ओलांडून बाहेर येईतो हा संकेत व्होल्टच्या काही लाखांश भागांइतकाच उरतो. म्हणून तर केस धुऊन, तेल न लावता यायला सांगतात. या वायरींतून शॉक देतात, हा समज अगदी चुकीचा आहे. यंत्र डोक्यात काहीच सोडत नाही, फक्त नोंद करतं.

पण नोंद होते जेमतेम अर्धा तास. फिटच्या खुणा असणाऱ्या अणकुचीदार लहरी त्या वेळात उमटल्याच नाहीत, तर रिपोर्ट नॉर्मल येतो. अपस्मार, म्हणजे फेफरं, असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा पहिला ईईजी असाच येतो. त्या लहरी दिसण्याची शक्यता वाढावी म्हणून रात्री जागायला लावतात, जोरजोरात श्वास घ्यायला सांगतात, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतात. नॉर्मल रिपोर्ट पाहून गोळ्या परस्पर बंद करणारी घरं आहेत, आणि त्याची मला फार काळजी वाटते.

सीटी आणि एमआरआय मेंदूची रचना दाखवतात. रक्तस्राव झालाय का, हे सीटी काही मिनिटांत सांगतो. एमआरआयला वेळ लागतो, आवाजही मोठा, पण क्ष-किरण नसतात आणि बारीक व्रणही दिसतो. आपल्याकडे तरुण माणसाच्या पहिल्या फिटनंतर स्कॅनमध्ये कधी कधी छोटी कडी दिसते, आत एक ठिपका. तो ठिपका म्हणजे डुकरातल्या फीतकृमीच्या अळीचं डोकं असतं. शाकाहारी घरांना हे ऐकून धक्काच बसतो. पण ही अळी मेंदूत पोचते ती कृमीच्या अंड्यांतून, आणि अंडी येतात नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, दूषित पाण्यातून, शौचानंतर न धुतलेल्या हातांतून. अशी एकटी गाठ बहुतेकदा काही महिन्यांत विरते, म्हणून पुन्हा स्कॅन करतात.

हे सगळं असूनही निदानाचा मोठा भार पाहणाऱ्यावर असतो. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून लोक जाड फाइल घेऊन सोलापुरात येतात, पण ज्याच्यासमोर माणूस पडला तो शेजारी गावीच राहतो. त्याला सोबत आणा. चेहरा पांढरा पडला की निळसर? मान, डोळे एका बाजूला वळले? जिभेची कड चावली गेली? शुद्धीवर आल्यावर लगेच ओळखलं, की बराच वेळ भांबावलेला होता? पटकन सावरला तर साधी चक्कर असू शकते. जवळ दुसरं कुणी असेल तर त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढावा. तुम्ही रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, आणि घड्याळ बघा. झटके ५ मिनिटांच्या पुढे गेले तर थेट रुग्णालय गाठा.