एकच बंदूक क्लेला पण अन् पाखरांना पण, हा हट्ट आला कुठून?

सातारा-सांगलीकडची पोरं हल्ली बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघतात आणि मग विचारत सुटतात, अशी एकच शॉटगन (एका बारात पुष्कळ छर्रे सोडणारी बंदूक) कुठली घ्यावी जी क्लेला, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या फोडायच्या खेळालाही चालेल आणि पाखरांनाही. आधीच सांगतो, पाखरांचा विषय आपल्याकडं कायद्यानं बंद आहे. तित्तर असो, लावा असो, नाहीतर मायणीच्या तलावावर थंडीत उतरणारी बदकं असोत, मारलं तर गुन्हा आणि नुसता प्रयत्न केला तरी कायद्याच्या भाषेत ती शिकारच. पण प्रश्न खुळा नाही, कारण तो मुळात पडला कसा हे बघितलं की बंदूक निवडताना नेमकं काय बघायचं ते आपोआप कळतं.

क्ले शूटिंग हा आधी स्वतंत्र खेळ नव्हताच, ती शिकारीची तालीम होती. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी जिवंत कबुतरं खड्ड्यात किंवा पेटीत ठेवायची, दोरी ओढून सोडायची आणि उडाली की मारायची असा प्रकार जोरात होता, सुरुवातीला तर खड्ड्यावर झाकण म्हणून जुन्या हॅट ठेवायचे. १९०० साली पॅरिसच्या ऑलिम्पिकच्या वेळीसुद्धा जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली, आणि इंग्लंडनं ही पद्धत कायद्यानं बंद केली ती थेट १९२१ मध्ये. मधल्या काळात अमेरिकेत काचेचे गोळे उडवून बघितले, काहींत पिसं भरलेली असायची म्हणजे फुटल्यावर पाखरू मारल्यासारखं वाटावं (हौसेला मोल नाही!). मग १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं भाजलेल्या मातीची चपटी चकती काढली, ती हवेत तरंगत जायची. पण माती कधीकधी एवढी पक्की भाजली जायची की छर्रे लागून नुसती टणकन वाजायची, फुटायचीच नाही. आजची चकती डांबरासारखा पिच आणि चुनखडीची पूड यांची असते, ११० मिलिमीटर व्यासाची, नाव मात्र क्लेच राहिलं.

स्कीट या क्लेच्या दुसऱ्या प्रकाराचंही तसंच. १९२० च्या आसपास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी ग्राऊस नावाची रानपाखरं मारणाऱ्या काही शिकाऱ्यांनी सीझन नसताना हात बसावा म्हणून गोल रिंगण आखलं, आणि घड्याळाच्या आकड्यांवर उभं राहावं तसं एकेका जागेवरून मारायचे. शेजाऱ्यानं कोंबड्या पाळायला घेतल्या, तिकडं छर्रे जायला लागले, म्हणून रिंगण अर्धं केलं, आणि तेच अर्धं रिंगण पुढं १९६८ मध्ये ऑलिम्पिकमध्ये गेलं.

म्हणजे त्या काळात रानात जी बंदूक खांद्यावर तीच क्लेला, दुसरी घ्यायचा प्रश्नच नव्हता. ती बंदूक म्हणजे शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी, बारा बोर, वजन तीन किलोच्या आसपास, कारण दिवसभर हातात घेऊन हिंडायचं आणि गोळ्या झाडायच्या मोजक्याच. १८७० च्या दशकात इंग्लंडच्या ग्रीनर या बंदूकवाल्यानं चोक लोकप्रिय केला, म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळायचं, आपण पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबतो तसं, की छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात. ढोबळ हिशोब असा, ३६ मीटरवर ७६ सेंटीमीटरचा गोल धरला तर फुल चोकमधून ७० टक्के छर्रे त्यात बसतात, हाफमधून ६० आणि साध्या नळीतून ४०. दुनळीत उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली ठेवायचे, पहिला बार जवळच्या पाखराला, दुसरा लांब गेलेल्याला.

वाटा फुटल्या त्या खेळ वाढल्यावर. ट्रॅपमध्ये, म्हणजे क्ले समोरून लांब पळते त्या प्रकारात, एका राउंडला २५ क्ले, ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत १२५, आणि एका क्लेवर दोन बार मारायची मुभा, त्यामुळं हलकी बंदूक खांदा सोलून काढते. म्हणून वजन साडेतीन-चार किलोपर्यंत गेलं, नळ्या ३० ते ३२ इंच झाल्या, आणि क्ले वर चढत जाते म्हणून दस्ताही उंच केला म्हणजे बार जरा वरच बसतो. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग या बंदुका आखणाऱ्या माणसानं वर-खाली नळ्यांची बंदूक आखली, तो १९२६ मध्ये गेला, पुढचं काम त्याच्या मुलानं, व्हॅलनं केलं आणि ती १९३१ ला बाजारात आली. मग इटलीच्या पेराझी कंपनीनं १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी एमएक्स-८ काढली, त्याआधीच्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सोनं जिंकलेल्या एन्नियो मात्तारेल्लीच्या मदतीनं, ती निव्वळ क्लेची बंदूक, रानात घेऊन हिंडायच्या कामाची नाही. पुढं फिरवून बदलता येणारे चोक सर्रास झाले आणि एकच बंदूक सगळीकडं ही जुनी इच्छा परत जिवंत झाली. माझं मत विचाराल तर चोकनं निम्मंच काम होतं, वजन आणि दस्ता काय फिरवून बदलत नाही.

आता आपल्याकडचं. १८७८ च्या आर्म्स ॲक्टनं साध्या माणसाच्या हातात लायसनशिवाय बंदूक राहिली नाही, त्यामुळं विलायती दुनळी आली ती सांगली, मिरज, जत, औंध, फलटण असल्या संस्थानांत, इनामदारांच्या वाड्यांत आणि साहेबलोकांकडं, आणि गावात असलीच तर ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू भरायची. माण, खटाव, जतच्या माळावर पखुर्ड्या (कबुतराएवढी माळरानातली पाखरं) आणि तित्तर भरपूर, त्यामुळं दुनळीला काम होतं. काडतुसं कागदी, पावसाळ्यात दमट हवेनं फुगायची आणि नळीत जाईनात, म्हणून पितळेची पण मिळायची.

१९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यात लायसन काढून शिकार करता यायची, १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही सुरुवातीला छोट्या शिकारीचं लायसन होतं, ती कलमं १९९१ च्या दुरुस्तीत गेली आणि विषय संपला. बंदुका मात्र घरातच राहिल्या, खंडेनवमीला हळद-कुंकू लावायला आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला.

राजस्थानात लोक याच्या आधीच क्लेकडं गेले होते. बिकानेरच्या गजनेरला पखुर्ड्यांच्या शिकारी नावाजलेल्या होत्या, आणि बिकानेरच्याच राजघराण्यातल्या करणी सिंहांनी १९६२ ला कैरोत ट्रॅपचं जागतिक रौप्य आणलं. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये उभी केली ती मावळंकरांनी, लोकसभेचे पहिले सभापती, आपलाच मराठी माणूस. पण आपल्या भागाचा नाद रायफल-पिस्तुलाचा, शेजारच्या कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे दिले आणि तिघंही शॉटगनवाले नाहीत. कारण उघड आहे, दहा मीटरची एअर रायफल रेंज एका हॉलमध्ये बसते, ट्रॅपची क्ले ७६ मीटर लांब जाते आणि छर्रे त्याच्याही पुढं, वर प्रत्येक बाराला एक काडतूस.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणून एकीत सगळं बसवायचा मोह समजण्यासारखा आहे. आजोबांची दुनळी क्लेला चालते का? चालते, पण राउंड संपता संपता नळ्या तापतात आणि पुढचं लाकूड एवढंसं असतं की डावा हात थेट नळीवर येतो, चटका बसतो. त्याच्या आधी चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बघा. जुन्या विलायती बंदुका बऱ्याचदा अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटरच्या, आणि आजचं काडतूस ७० चं. ते आत जातं, बसतं, कारण काडतुसाची लांबी मोजतात ती तोंड उघडल्यावरची, पण बार उडताना तोंड उघडायला जागाच नसते आणि दाब वाढतो. नळीवर नक्षीसारख्या वेलांट्या दिसल्या तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी, असू शकते, काळ्या दारूच्या जमान्यातली, तिच्यात आजचं काडतूस घालायचंच नाही, आधी जाणत्या गनस्मिथला दाखवा. आणि नवीन घ्यायची ठरलीच तर पाखरं डोक्यातून काढून टाका, वर-खाली नळ्यांची, ३० इंची, बदलत्या चोकची बघा आणि जरा जड असली तर कुरकुर करू नका, तित्तरामागं माळ तुडवायचा नाही आता, उभं राहून २५ क्ले मारायच्यात.