हवेतला कार्बन मोजायला शिकलो त्याची पार्श्वभूमी

तापमानवाढीच्या बातमीत ‘मौना लोआ’ हे नाव हमखास येते. हवाई बेटावरच्या या ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, एक वेधशाळा आहे. मे २०२५ मध्ये तिथे कार्बन डायऑक्साइडची मासिक सरासरी प्रथमच ४३० पीपीएमच्या वर गेली. म्हणजे कोरड्या हवेच्या दहा लाख रेणूंमागे ४३० रेणू या वायूचे. आकड्यावर चर्चा खूप होते. तो विश्वासार्ह कसा झाला, यावर कमी.

कोळसा जाळल्याने पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. इंग्लंडमधले वाफेच्या तंत्राचे अभियंता गाय कॅलेंडर यांनी १९३८ मध्ये जुनी मोजमापे चाळून हा वायू वाढतोय असे सांगितले. फारसे कोणी मनावर घेतले नाही. समुद्र जास्तीचा कार्बन पिऊन टाकेल, ही समजूत पक्की होती. शिवाय जुनी मोजमापे रासायनिक पद्धतीची, बरीचशी शहरांजवळची आणि एकमेकांशी न जुळणारी. वर्षाला एखाद्या पीपीएमची वाढ त्या पसाऱ्यात दिसणार कशी?

१९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी दाखवले, की समुद्राच्या पाण्याचे रसायनच असे आहे की ते जास्तीचा कार्बन सावकाश आणि मर्यादेतच घेते. त्याच सुमारास चार्ल्स डेव्हिड कीलिंग हे तरुण रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात पाच लिटरचे निर्वात काचेचे फ्लास्क घेऊन जंगला-डोंगरांत हवा भरत फिरत होते. द्रव नायट्रोजनच्या थंडीत वायू गोठवायचा, वेगळा करायचा आणि स्वतः बांधलेल्या मॅनोमीटरवर (वायूचा दाब मोजणाऱ्या उपकरणावर) मोजायचा. रात्री झाडांच्या श्वसनाने आकडा चढे. दुपारी हवा घुसळली की मात्र तो कुठेही गेले तरी ३१०च्या आसपास येई. सगळीकडे लागू पडणारी एक ‘पार्श्व पातळी’ आहे, हे तिथे कळले.

आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष या जागतिक संशोधन मोहिमेच्या निधीतून मार्च १९५८ मध्ये मौना लोआवर कीलिंग यांचा अवरक्त किरणांचा विश्लेषक बसला. त्याची पहिली नोंद ३१३ पीपीएम. यंत्राचे तत्त्व साधे: नळीतल्या हवेतून अवरक्त किरण सोडायचे आणि किती शोषले गेले ते पाहायचे. अडचण अशी, की पाण्याची वाफही ते शोषते. म्हणून हवा आधी अतिथंड सापळ्यातून नेऊन कोरडी करावी लागते. यंत्राचा काटा हळूहळू सरकतो, म्हणून अधूनमधून ठाऊक प्रमाणाचा संदर्भवायू सोडून तो तपासायचा. त्यातही एक फसगत झाली होती. सुरुवातीचे संदर्भवायू हवेऐवजी शुद्ध नायट्रोजनमध्ये मिसळलेले होते आणि तेवढ्याने यंत्र काही पीपीएमची चूक करत होते. ती उमगल्यावर जुन्या नोंदी दुरुस्त केल्या गेल्या.

ज्वालामुखीवर कार्बन मोजता, मग तो त्याचाच नसेल कशावरून? हा आक्षेप आजही घेतला जातो. उत्तर वाऱ्यात आहे. दिवसा उतार तापतो आणि खालच्या झाडीवरची हवा वर चढते. प्रकाशसंश्लेषणामुळे तिच्यात कार्बन थोडा कमी असतो. रात्री वरून स्वच्छ हवा उतरते, पण कधीकधी शिखराकडच्या भेगांचा वायू सोबत आणते. असा वायू आला की आकडा मिनिटामिनिटाला उड्या मारतो. एका तासातल्या मिनिट-सरासऱ्यांचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले त्याचे माप) ०.३० पीपीएमपेक्षा जास्त भरले, तर तो तास पार्श्व पातळीच्या हिशेबात धरत नाहीत.

पहिल्या दोन वर्षांतच आलेखाला करवतीसारखे दात दिसले. उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात कार्बन ओढतात, म्हणून मे महिन्यात कळस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ. पण दरवर्षीचा तळ आदल्या वर्षीपेक्षा वर. साठच्या दशकात ही वाढ वर्षाला एक पीपीएमपेक्षा कमी होती, गेल्या दशकात अडीचच्या घरात आहे. हा कार्बन कोळसा-तेलाचाच कशावरून, तर इंधन इतके जुने की त्यात कार्बन-१४, म्हणजे काळानुसार विघटन पावणारा किरणोत्सर्गी कार्बन, उरलेलाच नसतो, आणि हवेतले त्याचे प्रमाण त्यामुळे पातळ होते. स्यूस यांनी ते झाडांच्या वलयांत पकडले. पुढे अंटार्क्टिकातल्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांनी आठ लाख वर्षे मागचे दाखवले: औद्योगिक काळाआधी पातळी साधारण १७० ते ३०० पीपीएममध्येच फिरत राहिली.

अशा मालिकेचा शत्रू म्हणजे खंड. १९६४ मध्ये पैसे आटले आणि मौना लोआची नोंद काही महिने थांबली. आलेखात ती फट आजही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये लाव्हाने रस्ता आणि वीज दोन्ही तोडली, तेव्हा मोजणी शेजारच्या मौना केआवर न्यावी लागली.

आपल्याकडची जुनी मालिका गोव्यातली. काणकोणजवळच्या काब-द-रामच्या कड्यावर १९९३ पासून बाटल्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासली जाई. जागा नेमकी निवडलेली: पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरची स्वच्छ हवा आणतो, हिवाळ्यात ईशान्येचा वारा उपखंडावरची. त्यामुळे एकाच कड्यावर दोन वेगळ्या हवा मोजता येतात. ती मालिका २००२ मध्ये थांबली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर नमुने घ्यायला सुरुवात केली ती २००९ मध्ये.