सूर्यास्त रंगवताना: उजेड वेगळा, रंग वेगळा

मावळतीच्या चित्रात सगळ्यात जास्त गल्लत होते ती उजेड आणि रंगाची तीव्रता या दोन गोष्टींची. सूर्य झगझगीत दिसतो म्हणून नारिंगीत पांढरा मिसळला जातो आणि तळपता गोळा पिठूळ होऊन बसतो. मग तो उजळवायला आणखी पांढरा!

उजेड म्हणजे एखादी जागा पांढऱ्याच्या किती जवळ आहे ते. तीव्रता म्हणजे ती करड्यापासून किती दूर आहे ते. सूर्य स्वतःच प्रकाश देतो, त्यामुळे त्याच्यात दोन्ही एकदम नांदतात. ट्यूबमधल्या रंगाला ते जमत नाही. टिटॅनियम व्हाइट हा झळझळीत पांढरा रंगसुद्धा अंगावर पडलेल्या प्रकाशापेक्षा जास्त काही परत देऊ शकत नाही. शिवाय प्रत्येक रंग आपापल्या टोनवरच, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायरीवरच, फुलतो: पिवळा बराच उजळ असताना, लाल मध्यम किंवा त्याहून गडद असताना. लाल त्याच्या वर नेला की गुलाबी झालाच. म्हणून दोन्हींपैकी कशाच्या मागे जायचं, हे आधी ठरवावं लागतं.

इंग्रज चित्रकार टर्नर उजेडाच्या मागे गेला. १८२८ साली रंगवलेल्या आणि १८३७ मध्ये पुन्हा हात फिरवलेल्या ‘रेग्युलस’मध्ये बंदरावरचा प्रकाश जवळजवळ पांढराच आहे, डोळे दिपवणारा. फ्रेंच चित्रकार मोनेने १८७२ च्या ‘इम्प्रेशन, सनराइझ’मध्ये उलटं केलं. चित्र पहाटेचं आहे, पण प्रश्न तोच. त्यातला नारिंगी सूर्य भोवतालच्या करड्या-निळ्या धुक्यापेक्षा उजळ नाहीच. चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली तर तो जवळपास नाहीसा होतो. मेंदूचा उजेड-अंधार पाहणारा भाग रंग ओळखत नाही. त्याला हा सूर्य सापडत नाही, रंग पाहणाऱ्या भागाला मात्र लख्ख दिसतो. म्हणून तो थरथरल्यासारखा वाटतो, असं हार्वर्डच्या मज्जाशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांचं स्पष्टीकरण आहे. मला स्वतःला मोनेचा मार्ग जास्त धाडसी वाटतो. त्यात आजूबाजूचं सगळं मळकं ठेवायची हिंमत लागते.

आपल्या चित्राची परीक्षा सोपी आहे: मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. सूर्य उजेडामुळे उठून दिसतोय की नुसत्या रंगामुळे, ते लगेच कळतं.

जलरंगात आणखी एक अडचण. आकाशात नारिंगी आणि निळा प्रकाश एकमेकांत विरतात तिथे फिकट पट्टा दिसतो. कागदावर पिवळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, निळ्यात शिरला की हिरवा. मध्ये पातळ गुलाबी किंवा नुसता ओला कागद सोडला तर हे टळतं.

सूर्य बुडाला की बरेच जण ब्रश धुवायला घेतात. खरं तर तेव्हाच काम आवाक्यात येतं. उंचावरच्या ढगांना खालून काही मिनिटं प्रकाश मिळत राहतो, बाकी आकाश मंदावतं आणि लाल रंग ज्या टोनवर फुलतो तिथेच ढग येऊन पोचतात. अडचण होते ती पॅलेटची. कमी उजेडात सगळे रंग गडद दिसतात, हात आपोआप फिके आणि भडक रंग मिसळतो आणि घरी दिव्याखाली चित्र ओरडायला लागतं. म्हणून त्या मिनिटांत रंगवण्याऐवजी पेन्सिलीने ढगांचे आकार काढावेत, प्रत्येकात टोनचा १ ते ५ असा आकडा आणि रंगाचं नाव लिहावं. रंग दुसऱ्या दिवशी, चांगल्या उजेडात.