नाट्यपद : पुण्याच्या नित्यव्यवहारातील

मराठी संगीत नाटकातील पद नाटकाबाहेर पडून घरात, देवळात, लग्नमांडवात, गायनवर्गात वा मैफलीत स्वतंत्रपणे गायले, वाजवले आणि आठवले जाते. त्या पदाचा पुणे शहरातील वावर हा या नोंदीचा विषय आहे. संगीत रंगभूमीचा इतिहास येथे लागेल तेवढाच घेतला आहे. रंगमंचावर पद पात्राच्या तोंडी येते. प्रसंग, वेशभूषा आणि संवाद गळून पडले की मागे राहते ते ध्रुवपद (पालुपद) आणि त्याची चाल. पुण्यात घरोघर टिकली ती मुख्यत्वे चाल. मूळ प्रसंग कोणता, कोण कोणाला उद्देशून म्हणते, हे गुणगुणणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसते आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही.

उगम : बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) यांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. तेथूनच नाट्यपदाचा आरंभ मानावा, हे रूढ मत आहे. त्याला आक्षेपही जुने आहेत. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’पासून (सांगली, १८४३) मराठी नाटकात गाणे होतेच, मात्र ते बहुधा सूत्रधार गाई आणि पात्रे आयत्या वेळच्या संवादांनी प्रसंग पुढे नेत. त्याहून मागे जाणारे अभ्यासक तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी नाटकांकडे बोट दाखवतात. सतराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास रचलेल्या या मराठी नाटकांत पदे आहेत, पण त्यांची परंपरा महाराष्ट्रापर्यंत पोचली होती असे दाखवता येत नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे ‘नलदमयंती’ मुंबईत १८७९ च्या सुमारास रंगभूमीवर आले होते आणि त्यातील पात्रे स्वतः गात, त्यामुळे निव्वळ कालक्रमाने पाहिले तर अग्रमान त्यांच्याकडे जातो. किर्लोस्करांच्या बाजूने सांगितले जाते ते असे की, गद्य संवाद आणि पद यांची एकजीव वीण त्यांच्याच नाटकात प्रथम साधली व तोच नमुना पुढे चालला. अनुकरण ही कसोटी धरल्यास किर्लोस्करांच्या बाजूचे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण त्रिलोकेकरांच्या पदांची घरगुती परंपरा उरली नाही आणि किर्लोस्करांच्या पदांची उरली.

याच्याशी जोडलेला दुसरा वाद प्रेरणेचा आहे. पुण्यात आलेल्या पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ किर्लोस्करांनी १८८० मध्ये पाहिला आणि असे मराठीत का होऊ नये म्हणून ते ‘शाकुंतल’च्या भाषांतराला बसले, ही हकीकत चरित्रकारांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तिला आता वस्तुस्थितीचे वजन आले आहे. खेळ पाहिला असावा, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण किर्लोस्कर त्यापूर्वीच नाटककार होते (‘शांकरदिग्जय’, १८७३) आणि फिरत्या नाटकमंडळ्यांना पदे रचून देत, असेही सांगितले जाते. पारशी रंगभूमीकडून त्यांनी सादरीकरणाचा थाट घेतला, चाली मात्र बहुतांशी घरच्याच वापरल्या, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

‘घरच्या’ म्हणजे कोणत्या, याचे उत्तर नाटकांच्या जुन्या आवृत्त्यांतच सापडते. ‘शाकुंतल’मधील पदांची संख्या दोनशेच्या आसपास जाते. त्यांत साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे कीर्तनातून आणि आख्यानकाव्यातून आलेले प्रकार पुष्कळ आहेत; त्यांखेरीज लावणी, स्त्रियांची गाणी आणि कानडी पदे यांच्या चाली आहेत. किर्लोस्करांचे बालपण कानडी मुलखात गेल्याने शेवटच्या गटाचे नवल नाही. पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असे लिहून एखाद्या परिचित गाण्याचे पहिले शब्द छापण्याची रीत होती. प्रेक्षक नाट्यगृहात शिरला तेव्हा त्यातल्या बऱ्याच चाली त्याच्या कानात आधीपासून होत्या. किर्लोस्करांचेच ‘सौभद्र’ (पुणे, १८८२) याबाबतीत आणखी पुढे जाते.

येथे दोन मते संभवतात. नाट्यपद घरात गेले ते नटांच्या मोहिनीमुळे, हे एक. ते घरातून निघाले होते म्हणून घरी परतू शकले, हे दुसरे. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्या मताकडे आहे, परंतु किर्लोस्करी काळापुरताच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’ने (१८९६) पारशी व गुजराती रंगभूमीच्या चपळ चाली आणल्या. ‘मानापमान’मध्ये (१९११) गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा वापर केला आणि ‘स्वयंवर’मध्ये (१९१६) भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बसवली. या चाली सामान्य घरात पूर्वी नव्हत्या. त्या तेथे पोचल्या त्या गायकनटांच्या जोरावर, आणि त्यांच्याबरोबर रागसंगीताची ओळखही पोचली. राग कोणता हे न सांगता येणाऱ्या माणसाला त्या रागाची वळणे पाठ असणे, हा पुण्यातील श्रोत्याचा विशेष अनेक गायकांनी अनुभवला आहे.

गायकनट : भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांच्या उंच, धारदार आवाजाची कीर्ती ऐकीवच राहिली. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते हयात नव्हते. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांचा मृत्यू पुण्यातला. ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले असे परंपरा सांगते. त्याचे वर्ष सामान्यतः १८९८ धरतात, पण त्यावर एकमत नाही. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाल्यानंतरच्या दोन दशकांत त्यांच्या पदांबरोबर त्यांच्या पदराची, अंबाड्याची आणि फुले माळण्याची ढबही पेठांतील स्त्रियांनी उचलली, असे त्या काळच्या आठवणींत वारंवार येते. घरंदाज स्त्रीने गाणे शिष्टसंमत नसलेल्या काळात पुरुषाने स्त्री होऊन गायलेली पदे स्त्रियांनी माजघरात म्हणावीत, हा उलटफेर समाजाच्या अभ्यासकांनी अधिक तपासायला हवा. १९२९ पासून हिराबाई बडोदेकर (१९०५–८९) स्वतःच्या मंडळीतून रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि पदांचा बाईच्या गळ्यातला नमुनाही समोर आला.

रसिकांनी ‘वन्समोअर’ म्हणावे आणि पद पुन्हा नव्या रीतीने रंगावे, असे होत होत खेळ पहाटेपर्यंत चाले. (एकेका पदाला मिळालेल्या वन्समोअरचे आठवणींतले आकडे जपून घ्यावेत, सांगणाऱ्याच्या पिढीगणिक ते वाढलेले दिसतात.)

पुस्तक, पेटी, तबकडी : नाट्यगृहाच्या दारात पदांची पुस्तके विकली जात आणि खेळ चालू असताना प्रेक्षक ती उघडून बसत. घरी ती पुस्तके आरत्यांच्या पोथ्यांशेजारी राहिली. दुसरे साधन पेटी (हार्मोनियम). टेंबे यांच्यासारख्या वादकाने तिला प्रतिष्ठा दिली होती. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी पुढची तीन दशके टिकली, तरी पुण्यातील बैठकीच्या खोलीवर तिचा काही परिणाम झाला नाही.

तबकडीने मात्र पदाचे रूपच बदलले. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटे बसत. रंगमंचावर वीस मिनिटे फुलणारे पद तेवढ्यात आणायचे म्हणजे आलाप कापायचे, अंतऱ्याकडे लवकर वळायचे, तान नेमकी ठेवायची. घरात ऐकून ऐकून पाठ झाले ते हे आखूड रूप. पुढच्या पिढीतील हौशी गायक एखादी हरकत ठरावीक जागी घेतो, तेव्हा तो बहुधा तबकडीची नक्कल करीत असतो, नाटकाची नव्हे. वाड्यात एका बिऱ्हाडी चावीचा फोनो असला की तो चौकातल्या सर्वांचा होई. ऐकणे हे असे सामाईक असल्याने एकाच पदाची आठवण पाच-सात कुटुंबांत वाटली गेलेली आढळते. १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे पडली. त्यांबरोबर अशा संग्रहांपैकी किती गेले याची मोजदाद कोणी केली नाही.

चालीचा पुनर्वापर : पदाने लोकगीताची चाल घेतली होती, आता लोकांनी पदाची घेतली. १८९४ पासून पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे (गाणी म्हणणारी पथके) उभे राहिले. त्यांच्या पद्यसंग्रहांत नाटकातील चालीवर बांधलेली राजकीय आणि सामाजिक गीते आढळतात. चाल आधीच सर्वांना येत असल्याने नवे शब्द एका संध्याकाळी मुलांच्या तोंडी बसत. सरकारने १९१० च्या सुमारास मेळ्यांवर निर्बंध आणले, त्यामागे शब्दांच्या या झपाट्याने पसरण्याचे भय होते असे म्हणता येईल. पुढे मेळे पुन्हा उभे राहिले, पण स्वातंत्र्यानंतर ओसरले.

घरगुती क्षेत्रात मंगलाष्टके, बारशाचे पाळणे, डोहाळजेवणाची गाणी आणि भजने पदांच्या चालींवर रचण्याची रीत रूढ झाली. लग्नासाठी खास छापून घेतलेल्या मंगलाष्टकांत वधूवरांची नावे आणि कुळे गुंफलेली असत. नारद मंदिरातील कीर्तनात उत्तररंगात (आख्यानाच्या भागात) एखादे पद आले की श्रोत्यांची मान डोलू लागे. कीर्तनातून निघालेली साकी-दिंडी नाटकातून फिरून कीर्तनात अशी परतली. वरातीच्या बँडवाल्यांनीही क्लॅरिनेटवर पदे वाजवली. सिनेमाच्या गाण्यांनी ती हळूहळू मागे सारली. लिखित आठवणी बहुतेक शिकलेल्या, पेठांत राहणाऱ्या कुटुंबांच्या असल्याने वरील चित्र त्या घरांचे आहे, हे ध्यानात ठेवावे. कॅम्प, खडकी आणि पूर्वेकडील पेठांतील कष्टकरी वस्त्यांत तमाशा आणि सिनेमा यांचा वावर अधिक होता, आणि आर्यभूषण थिएटर त्याचे ठळक ठिकाण.

शिक्षण व मैफल : भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापलेला भारत गायन समाज आणि गंधर्व मंडळीत नट म्हणून राहिलेल्या विनायकराव पटवर्धनांचे गांधर्व महाविद्यालय (१९३२) येथे रागशिक्षण चाले, पण शिकायला येणाऱ्यांपैकी अनेकांची हौस पदांची होती. सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर, १८८६–१९५२) स्वतः स्त्रीभूमिका करणारे गायकनट होते. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या महोत्सवात ख्यालानंतर पदाची फर्माईश होणे हा वर्षानुवर्षांचा पाठ. काही गायकांना ती रुचत नसे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला मनाई झाल्यावर रात्रभराच्या बैठका बंद झाल्या आणि पहाटेच्या भैरवीचा प्रसंग दुर्मीळ झाला.

बोलपटाच्या आगमनानंतर (१९३१-३२) नाटकमंडळ्या खचल्या. प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये तिच्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर उतरले. पद मात्र आकाशवाणीत तगले. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५५-५६ मध्ये त्यावरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’च्या ५६ गीतांना जो प्रतिसाद मिळाला, त्याची जमीन पदे ऐकून सरावलेल्या कानांनी तयार केली होती, असे एक मत आहे. ते पटण्याजोगे आहे, कारण शब्द हातात धरून ऐकण्याची सवय दोन्हीकडे एकच होती.

उत्तरकाळ : जयराम व जयमाला शिलेदार यांची ‘मराठी रंगभूमी’ (१९४९) आणि त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार (मृत्यू २०२२) यांनी जुनी नाटके पुण्यातून जागती ठेवली. जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिलेल्या ‘मत्स्यगंधा’ (१९६४) व ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांतील पदांनी मधली पिढी जोडली. बालगंधर्वांच्याच हस्ते १९६२ मध्ये पायाभरणी झालेले आणि त्यांच्या निधनानंतर २६ जून १९६८ रोजी खुले झालेले बालगंधर्व रंगमंदिर, टिळक स्मारक मंदिर व सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिर येथे संगीत नाटकांचे मोजके प्रयोग होतात. नाटकाशी संबंध नसलेल्या समारंभांतही ‘शाकुंतल’ची नांदी उभ्याने म्हटली जाते. ‘बालगंधर्व’ (२०११) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटांनंतर शालेय नाट्यगीत स्पर्धांत चित्रपटातील रूपाची आवृत्ती ऐकू येऊ लागली; परीक्षकांना ती खटकते. तबकडीच्या आखूड रूपाबद्दल जुन्या प्रेक्षकांची तक्रार याच जातीची होती.