सोयूझ 11ची ती झडप

30 जून 1971ची पहाट. सोयूझ 11 या सोव्हिएत अंतराळयानाची कुपी पॅराशूटच्या आधाराने कझाकस्तानच्या माळरानावर ठरल्याप्रमाणे उतरली. मदतपथकाने बाहेरून थापा मारल्या, पण आतून ओ आली नाही. झाकण उघडलं तेव्हा दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव हे तिघे अंतराळवीर आसनांवरच होते. अंगं अजून कोमट होती. सॅल्यूट 1 या पहिल्या अंतराळस्थानकावर तीन आठवडे राहून ते परतत होते.

घात झाला तो एका झडपेने. उतरताना जमिनीपासून चारेक किलोमीटरवर बाहेरची हवा आत घेण्यासाठी ती बसवलेली होती. यानाचे भाग सुटे करणारे स्फोटक बोल्ट एकामागून एक उडायचे, ते एकदम उडाले. त्या हादऱ्याने झडप 168 किलोमीटर उंचीवरच उघडली आणि दोन मिनिटांच्या आत कुपी रिकामी झाली. झडप हाताने बंद करता येई, पण त्याला जवळपास मिनिटभर लागे. निर्वात जागेत माणूस शुद्धीवर राहतो जेमतेम 10 ते 15 सेकंद, कारण रक्तातला प्राणवायू फुप्फुसांतून उलटा बाहेर पडू लागतो. श्वास रोखावा, तर फुप्फुसंच फाटायची भीती. झडप अर्धवट फिरवलेली सापडली. त्या वेळी हात कुणाचा पोहोचला असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

तिघांपैकी कुणाच्याही अंगावर स्पेससूट नव्हता, कारण तीन सूट मावतील एवढी जागाच नव्हती. पुढे एक आसन काढलं गेलं. 1973पासून दोघंच जाऊ लागले, पण ‘सोकोल’ सूट घालून. माझ्या मते त्या दुर्घटनेनंतरचा सर्वांत प्रामाणिक निर्णय हाच. तिसरा अंतराळवीर परतला तो 1980मध्ये, सुधारित सोयूझ टी यानात. 1984मध्ये राकेश शर्माही सोकोल घालूनच गेले.

सोकोल म्हणजे ससाणा. हा सूट अवकाशात बाहेर फिरण्यासाठी नाही. केबिनची हवा गेली तर माणसाभोवती उरणारी ती दुसरी केबिन. त्याच्या पोटावरच्या उघड्या भागातून आत शिरायचं, मग आतल्या हवाबंद कापडाची चुणी गोळा करून पिळायची आणि रबरबँडने करकचून बांधायची. एवढ्या साध्या गाठीवर जीव तोललेला असतो. म्हणून उड्डाणाआधी प्रत्येक सूट फुगवून गळती तपासतात.