जुनी पिस्तुलं-रिव्हॉल्वर जपून ठेवणं (सातारा-सांगली भाग)

संग्रही असलेल्या जुन्या पिस्तुल-रिव्हॉल्वरवर गंज चढू नये आणि कारखान्यातून आलेलं त्याचं मूळ पॉलिश, नक्षी, मुठीचं लाकूड जसंच्या तसं राहावं म्हणून ते कशात, कुठं आणि कसल्या हवेत ठेवायचं, त्याची ही माहिती. सातारा-सांगलीकडं जुन्या इनामदार-देशमुखांच्या घरांत, फौजेतून रिटायर झालेल्यांकडं किंवा आजोबांच्या नावावरून पुढं आलेल्या लायसनवर एखादं वेब्ली नाहीतर कोल्ट (जुन्या इंग्रज-अमेरिकन कंपन्यांचं) असतं, क्वचित कुठं ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायचं, पिस्तूलही निघतं. ही वस्तू एकदा खराब झाली की झाली, नवीन ब्ल्यूइंग (पोलादाला निळसर काळी झाक देणं) करून चकचकीत होईल पण जुनं परत येत नाही आणि संग्राहकाच्या लेखी तिची किंमतही उतरते.

आधी हवेचं बघू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पूर्वेला माण, आटपाडी, जतकडं पाचशेच्या आसपास, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आत दोन वेगळ्या दुनिया, त्यामुळं जतच्या माणसाचा सल्ला महाबळेश्वरजवळच्या जावळीत चालेलच असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजायला जोर येतो, आणि घामाचं मीठ किंवा बंदुकीच्या जुन्या दारूची राख चिकटलेली असली तर त्याच्या आधीच सुरुवात होते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटालगत घरातली चादरसुद्धा सादळलेली असते, तिथं उघड्या पोलादाचं काय होणार.

पण खरं नुकसान पावसापेक्षा गुंडाळून ठेवल्यानं होतं. घरोघरी पद्धत काय तर भरपूर तेल चोपडायचं, फडक्यात गुंडाळायचं, चामड्याच्या म्यानात घालायचं आणि गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात टाकून वर्षभर विसरायचं. यातलं शेवटचं सोडून दिलं आणि चामडं काढून टाकलं तरी अर्धं काम झालं. कमावलेल्या चामड्यात टॅनिन नि आम्लं असतात, ते हवेतली ओल ओढून धरतं आणि ती ओल नेमकी पोलादाला टेकवून ठेवते, त्यामुळं म्यानात राहिलेल्या रिव्हॉल्वरवर म्यानाच्याच आकाराचे डाग उमटलेले दिसतात, आणि पितळेच्या भागावर हिरवा थर. म्यान जपायचं तर वेगळं जपा. स्पंज लावलेल्या प्लॅस्टिकच्या पेट्यांचंही तेच, त्या प्रवासाला नेण्यापुरत्या ठीक, कायमच्या साठवणीला नाहीत, स्पंज ओल धरतो आणि काही वर्षांनी भुगा होऊन पॉलिशला चिकटतो. नवी प्लायवुडची पेटी करून घेतली तर प्लायच्या डिंकातून निघणारी वाफही धातूला बाधते. लोखंडी कपाट चांगलं, पण ते ओलसर भिंतीला नि जमिनीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी ठोकळे द्या.

ब्ल्यूइंगबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. तो निळसर काळा रंग म्हणजे रंगाचा थर नाही, पोलादाच्याच पृष्ठभागाचं ठरवून केलेलं ऑक्साइड आहे, मॅग्नेटाइट, जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचं. ते तेल धरून ठेवतं म्हणून उपयोगाचं, एकटं ते गंज अडवत नाही. त्यामुळं त्याला भांडी घासायची पावडर, चिंच, राख, लिंबू किंवा पितळेचं पॉलिश लावलं की ते दोन मिनिटांत उतरतं आणि खालचं पांढरं पोलाद उघडं पडतं. निकेल चढवलेल्या जुन्या पिस्तुलांना अमोनियावालं सॉल्व्हंट (नळी साफ करायचं द्रावण) लावू नये, निकेलखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो, कुठं चीर असली तर सॉल्व्हंट आत शिरून तांबं खातं आणि वरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटतं.

तेल कुठलं, तर खायचं कुठलंच नाही. खोबरेल, शेंगदाणा, करडई, सगळी तेलं हवेनं खवट होतात किंवा चिकट पडतात, मग घोडा नि चाप जाम. शिवणयंत्राचं हलकं मिनरल तेल किंवा बंदुकीचं तेल, तेसुद्धा पुसट, बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच. जास्त तेल खाली ओघळून मुठीच्या लाकडात मुरतं आणि लाकूड काळं, मऊ पडतं. जास्त काळ ठेवायचं असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण (अगदी बारीक कणांचं खनिज मेण) तेलापेक्षा बरं, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स याच जातीचं. ते धूळ धरत नाही, बोटाचे ठसे खाली पोचू देत नाही, आणि पातळ हातानं लाकडालाही चालतं. हात लावताना सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे, कारण काही माणसांच्या घामानं एका रात्रीत ठसा उमटतो, आणि ही काही अतिशयोक्ती नाही.

कपाटातली हवा ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवायची. फार कोरडी केली तरी वाईटच, शिंग, लाकूड, हस्तिदंत तडकतं (हस्तिदंताची मूठ असेल तर वन्यजीव कायद्याचे कागद आधी बघा). सिलिका जेल स्वस्त आणि मस्त, निळं असतं ते ओल पिऊन गुलाबी झालं की ११०-१२० डिग्रीला दोनेक तास तापवून परत वापरायचं, मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात ते तापवू नका. पावसाळ्यात कपाट वारंवार उघडलं की जेल लगेच भरतं. गंजरोधक वाफेचा कागद म्हणजे व्हीसीआय कागदही मिळतो, मशीनचे सुटे भाग पाठवायला कारखान्यांत वापरतात तोच. आर्द्रतामापक डिजिटल घ्या पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्यानं ओलसर करा, मापकासकट घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी ७५ टक्के दिसलं पाहिजे, जेवढा फरक दिसेल तेवढा कायम लक्षात ठेवायचा.

आता खंडेनवमी आणि दसऱ्याची शस्त्रपूजा, ज्यावर कुणी बोलत नाही. देवासमोर शस्त्र मांडणं आपल्याकडं मानाचं आहे आणि ते मोडा असं कुणी म्हणू नये, पण थेट पोलादावर ओलं हळदकुंकू, वर पंचामृताचे थेंब, नारळाचं पाणी, झेंडूचा रस, आणि ते तसंच दुसऱ्या दिवसापर्यंत, यानं जेवढं ब्ल्यूइंग खाल्लंय तेवढं पावसानं खाल्लं नसेल. दह्यात आम्ल, कुंकवात बऱ्याचदा चुना, पाण्यात क्षार. कुंकू पेटीला किंवा पाटाला लावावं, शस्त्र कोऱ्या कापडावर ठेवून समोर अक्षता-फुलं वाहावीत, आणि शस्त्रालाच लावायचं तर आधी मेणाचा हात देऊन कोरडं बोट टेकवावं आणि आरती झाली की पुसावं. पूजेआधी शस्त्र रिकामं आहे हे दोघांनी स्वतः बघायचं. हौसेनं हवेत बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असा गुन्हा आहे.

पुराचं वेगळं. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, तळमजल्यावरच्या कपाटात शस्त्र असेल तर पाणी वाढायला लागलं की ते कागदपत्रांबरोबर वर न्यायचं. बुडालंच तर गाळ वाळू देऊ नका, स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरडं करा, पाणी हटवणारं तेल फवारा आणि लायसनधारक गनस्मिथकडं (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडं) उघडायला न्या. पाणी हटवणारं तेल हे साठवणीचं तेल नाही, नंतर ते पुसून दुसरं लावायचं.

कायद्याचं थोडक्यात. चालू शस्त्राला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली लायसन लागतंच आणि २०१९ पासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, वारसाचं धरून, नेमबाजीच्या खेळाडूंना सूट वेगळी. जुनाट म्हणून सवलत मिळते ती दुरुस्त करूनसुद्धा उडणार नाही अशाच हत्याराला, त्यामुळं घरात ठासणीचं पिस्तूल सापडलं तर ते शोभेचं समजून भिंतीला लावायच्या आधी पोलिसांना विचारा. काडतुसं वेगळ्या कुलपात, चावी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी.

लायसनधारक गेल्यावर वारसांना शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत डीलरकडं जमा करावं लागतं, निवडणुकीतही बऱ्याच जणांना करावं लागतं, आणि वारसाचं लायसन होईपर्यंत ते तिथं म्यानातच पडून राहू शकतं. म्हणून जमा करताना म्यान घरी ठेवा, शस्त्राला मेणाचा हात देऊन व्हीसीआय कागदात गुंडाळून द्या, नंबर आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि पावतीवर नंबराबरोबर शस्त्राची अवस्थाही लिहून घ्या.